उंबऱ्यावर म्हटलेलं ‘ब्वेल्बो’

मुक्काम अमरावती
पौष वद्य ५, शके १७८६

तीर्थस्वरूप खुशालदादांच्या चरणी धाकट्या नत्थूचा दंडवत. मी सुखरूप आहे. तुमच्या गाड्या परवा पोचल्या, बैल धडधाकट आहेत. थंडी फार पडली आहे.

पौष सरला की अकोल्याला येतो, माझ्या बाळीचं बारसं तोवर थांबवा, असं मी कळवलं होतं. आता कधी येतोस ते लिही म्हणता. लिहितो, पण आधी साहेबाच्या भाषेची गंमत ऐका.

रामोनसाहेब स्पेन मुलखाचा, तिथल्या गिरण्यांसाठी कापूस घेतो, हे तुम्ही जाणताच. त्याचा दुभाषा तापानं गेला आणि तुम्ही मला तीन वर्षांच्या करारावर इथं चिकटवलंत. रोज दुपारी तो मला क्रियापदं घोकवतो. परत येणे म्हणजे ‘बोल्बेर’. पण मी परत येतो म्हणताना ‘बोल्बो’ नाही, ‘ब्वेल्बो’. तू ‘ब्वेल्बेस’, तो ‘ब्वेल्बे’. आपण म्हटलं की पुन्हा सरळ, ‘बोल्बेमोस’. तुम्ही ‘बोल्बेइस’, आणि ते लोक मात्र ‘ब्वेल्बेन’. आपल्या ‘जातो’चं ‘गेलो’ कसं होतं, हे त्याला सांगितलं तेव्हा तोही डोकं खाजवत बसला.

हे सगळं मला आठ दिवसांत पाठ झालं होतं. तरी तीन महिने मी चुकत राहिलो, मुद्दाम. साहेब फाल्गुनात आगबोटीनं आपल्या देशी जाणार आणि मला सोबत नेणार, हे तुम्हाला कळवलंच नाही. पळून यावं तर तुमच्या गाड्यांना त्याचंच काम, ते सुटेल. मठ्ठ ठरलो तर तोच हाकलून देईल, एवढी एक वाट दिसली. रोज ‘बोल्बो’ म्हणायचो आणि शिव्या खायचो.

सोमवारी तो कंटाळला. म्हणाला, तू दगड आहेस, मी मुंबईहून दुसरा माणूस आणतो. करारनामा फाडायला त्यानं पेटीतून काढला आणि मला जा म्हणाला. मी बोचकं उचललं. बाळीसाठी घेतलेले वाळे कमरेला खोचले.

उंबऱ्याशी आलो. ज्याच्या छपराखाली सहा महिने काढले, त्याचा निरोप न घेता कसं निघायचं? निघताना जातो म्हणू नये, येतो म्हणावं, हे आईनं आपल्या दोघांनाही शिकवलंय. मी वळलो, हात जोडले आणि त्याच्याच भाषेत म्हणालो, “ब्वेल्बो, साहेब.” अगदी स्वच्छ.

साहेब माझ्याकडे बघतच राहिला. मग हसत उठला आणि तू, तो, आपण, तुम्ही, ते, सगळं एकेक करून वदवून घेतलं. मला पुन्हा चुकता येईना. करारनामा त्यानं घडी करून पेटीत टाकला.

दलाल गयासुद्दीनमिया तिथंच होते. बाहेर आल्यावर म्हणाले, “काहून बोलला बे तू? चूपचाप निघून जायाचं होतं.”

“मले मायनं तसंच शिकवलं, मिया,” मी म्हणालो.

दादा, मला भीती वाटते. समुद्राची वाटते, आणि परतल्यावर तुम्ही मला पंगतीत घ्याल की नाही, याचीही. तुमच्यावर रागही आहे. साहेबाला शब्द देण्याआधी मला एकदा विचारायचं होतं.

वाळे तुमच्या गाडीवानाच्या हाती देत आहे. बारसं आता थांबवू नका. नाव तिच्या आईला, सत्यभामेला, आवडेल ते ठेवा, पण फाल्गुनाच्या आत मला कळवा. बोटीवर लेकीला नावानं आठवता आलं पाहिजे.

येतो, दादा. हे सवयीनं लिहिलेलं नाही.

तुमचा
नत्थू