काडीचं डोकं बाहेर

१९ ऑक्टोबर १९८३
कळपाच्या तळावरून

केशा,

तुझं पत्र मिळालं. सगळे सुखरूप आहात, लीडा लग्न होऊन गेल्यापासून घर शांत वाटतंय, सगळं वाचलं. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण थंडी माझ्याआधी ओळखतो, एवढा त्याचा उपयोग.

यंदा रेनडिअरच्या कळपाबरोबर स्वयंपाकाला आले आहे. नदी लवकर गोठली. पहाटे उठून बर्फातलं भोक उघडायचं काम माझं. रात्री त्यावर फांद्या घालून वर भुसभुशीत बर्फ लोटते, म्हणजे सकाळी कुऱ्हाडीचे थोडे घाव पुरतात. इथे वेरा म्हणून नवी सून आली आहे. पोरगी गोड, पण शहरात वाढलेली. परवा पाण्याची बाटली सरळ उभी ठेवून झोपली. सकाळी तोंडाशी बर्फाचं बूच.

"मावशी, बाटली रुसली हो!"

म्हटलं, "बाटली कशाला रुसेल? उलटी करून बर्फात पुरायची. पाणी वरून गोठतं. तोंड खाली असलं की मोकळं राहतं."

मग तिने किटलीत नुसता कोरडा बर्फ कोंबून चुलीवर ठेवला. किटली करपली, चहाला जळका वास. म्हातारी मात्र्योना म्हणाली, "भात जाळणाऱ्या सुना पाहिल्या, पाणी जाळणारी पहिलीच." सगळे हसले, वेराही हसली. तळाशी घोटभर पाणी आधी ठेवायचं असतं, हे आता ती जन्मात विसरणार नाही.

तुला हे कशाला सांगत बसले? तुला ठाऊकच आहे. तुझ्या दादानेच शिकवलं तुला.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मला अक्षरं तू शिकवलीस. वसतिगृहातून सुट्टीला यायचास तेव्हा घराच्या भिंतीला चिकटवलेल्या जुन्या वर्तमानपत्रांवर बोट ठेवून शिकवायचास. म्हणून तुझं पत्र वाचताना तू शेजारी बसला आहेस असं वाटतं. या वेळी एका जागी अडकले. तू लिहितोस, चंद्रकोर दिसली की जावई अफानासी लांबच्या ओढ्यावरच्या झोपडीत शिकारीला जाणार, एकटाच. आणि पुढे, "काळजी करू नकोस वहिनी, झोपडी सज्ज करून आलोय. चुलीत लाकूड रचलंय, खाली पेटवणाला भूर्जाची साल आहे. काडेपेटीतल्या काड्या डब्यात घालून झाकण घट्ट फिरवलंय, नेहमीसारखं."

नेहमीसारखं.

म्हणून लिहिते आहे. एरवी लिहिलं नसतं.

दादा गेला तेव्हा तू छातीच्या दुखण्याने इस्पितळात होतास. ज्यांनी त्याला आणलं ते सांगत होते, त्याच झोपडीत, मांड्यांपर्यंत ओला, चुलीपुढे बसलेला, शेजारी बाटली. चूल रचलेली, तशीच. हाताशी कोरडं लाकूड असून पेटवलं नाही, तर नशेतच असणार. सगळ्यांना पटलं. झोपडीत बाटली आगीला दारूचा शिंतोडा द्यायला ठेवलेली असते, आणि त्याने पिणं केव्हाच सोडलं होतं, हे मी एकदा म्हणून पाहिलं. मात्र्योना म्हणाली, "नवऱ्याचं पिणं बायकोला सगळ्यात शेवटी कळतं गं." लीडाच्या लग्नात तूही पेला उचलून म्हणालास, "माझ्या दादाला बाटलीने नेलं," आणि रडलास. मी तिथेच भांडी गोळा करत होते.

केशा, त्याला शेवटची आंघोळ मी घातली. ओठ फाटलेले होते. पुढचा एक दात तुटलेला. वाटलं, पडला असेल. बर्फ उतरल्यावर सामान आणायला झोपडीत गेले, तर निजायच्या फळीखाली तुझा ॲल्युमिनियमचा डबा सापडला. झाकणाच्या कडेला दातांच्या खुणा होत्या. धातूला ओठांची साल चिकटून वाळली होती. मी झाकण फिरवलं. माझ्या उबदार हातांनी लगेच फिरलं. आत काड्या होत्या. सगळ्या कोरड्या.

ओढ्याच्या गोठलेल्या थरावर, वरच्या भुसभुशीत बर्फाखाली, पाणी चढलं होतं. जे पाणी गोठायला हवं होतं ते गोठलं नव्हतं. त्यात तो शिरला. खिशातली काडेपेटी भिजली, हातमोजेही. तरी तो झोपडीपर्यंत पोचला. झोपडीत सगळं होतं.

आठवतं का, तुला पहिल्यांदा तिथे नेलं तेव्हा मीही होते. दादा म्हणाला, "निघताना काडेपेटी अर्धी उघडी ठेवायची, काड्यांची डोकी बाहेर. आपलं डोकं घरी विसरलास तरी चालेल. गारठलेल्या माणसाला बोटं नसतात, केशा, नुसते दात असतात." तू म्हणालास, "दातात काडी धरली तर दाढी पेटेल ना!" तो म्हणाला, "पेटू दे. दाढी परत येते."

आदल्या हिवाळ्यात छप्पर गळून काड्या सादळल्या आणि तू तिथे कुडकुडत बसला होतास, हे मला माहीत आहे. पुन्हा कुणावर ती पाळी येऊ नये म्हणून तू डबा ठेवलास. काळजीपोटी ठेवलास. हे मी स्वतःला रोज सांगते. कधी पटतं, कधी नाही पटत.

तू इस्पितळातून आलास तो काठीसारखा. आई तुझ्या तोंडाकडे बघून दोन घास खायची. तिचा एक गेला होता, दुसऱ्याला मी कशी ढकलू? डबा संदुकीत टाकला आणि लोकांना त्याला दारुडा म्हणू दिलं. मेलेल्याला कसली थंडी, असं मनाला बजावत होते. पण आई जेवायच्या आधी गेलेल्यांच्या नावाने आगीला घास घालते तेव्हा त्याचं नाव घेत नाही. "दारुड्याला काय द्यायचं," म्हणते. मग मी उठून बाहेर जाते.

सेम्योन उद्या स्लेज घेऊन तुमच्याकडे निघतोय, त्याच्या हाती हे देते. चंद्रकोरीला अजून अवकाश आहे. अफानासीला नुसतं सांगून भागणार नाही, त्याच्याआधी तू स्वतः जा. ज्या ज्या झोपडीत डबे ठेवलेस तिथून काढ. पेटी चुलीजवळच्या फळीवर, अर्धी उघडी. छप्पर गळत असेल तर छप्पर दुरुस्त कर.

परत आलास की आईपाशी बस आणि तिला सांग, तिचा मुलगा शुद्धीत होता. हे तिला माझ्या तोंडून कळायला नको, तुझ्या तोंडून कळू दे. वस्तीला मग काय सांगायचं ते तू ठरव.

मला उत्तर लिहीत बसू नकोस, आधी निघ. रडू आलं तर झोपडीत चूल पेटेपर्यंत धरून ठेव. बाहेर पापण्या गोठून चिकटतात आणि वाट दिसत नाही.

चूल पेटली की आगीला पहिला घास त्याच्या नावाने घाल. नाव मोठ्याने घे. प्रोकोपी.

तू शिकवलेल्या अक्षरांत,
तुझी वहिनी अग्राफेना