दार आपटल्यानंतरची धून

कानाझावा, ३ फेब्रुवारी २०१४

ती. तोकुजीकाका यांस,
चिकागेचा नमस्कार, वि. वि.

गुडघा कसा आहे? आमच्या वाद्यवृंदासाठी मी जुन्या ॲनिमेशनपटाचं संगीत नव्याने मांडते आहे. तोच दीपगृहाचा, ज्यात तुम्ही क्लॅरिनेट वाजवलं होतंत. मूळ स्वरलिपी हरवली, म्हणून चित्रपट ऐकून ऐकून उतरवते. एकाच जागी अडलंय. मुलगी जिना चढते, तुमचं क्लॅरिनेट वर वर जातं, दार आपटतं आणि धून तुटते. पडद्यावर दार दिसतं, म्हणून खपतं. मैफलीत लोक नुसतं ऐकणार. पुढे काय होतं, काका? संगीतकार गेले. विचारायला तुम्हीच उरलात.

लोभ आटू देऊ नका.
चिकागे

ओतारू, ११ फेब्रुवारी

चि. चिकागेस आशीर्वाद.

अडल्यावर काका आठवला म्हणायचा. धून पूर्ण होती. पुढचा तुकडा लिहून सोबत ठेवलाय. खारवलेले हेरिंग मासेही पाठवतोय, एकटीने संपवू नकोस.

तोकुजी

कानाझावा, १९ फेब्रुवारी

ती. काका, नमस्कार.

काय सुरेख आहे! संगीतकारांच्या लेकीला ऐकवलं. वडिलांचा शेवट सापडला म्हणून त्या रडल्या. मैफलीला येणार आहेत. माहितीपत्रक सोमवारी छापायला जातंय.

तुमची चिकागे

ओतारू, २१ फेब्रुवारी

चि. चिकागेस,

छपाई थांबव. मी खोटं लिहिलं. त्या दिवशी दाराच्या आवाजाशी आम्ही थांबलो, पुढचं पान नव्हतंच. मी संगीतकारांना विचारलं, तर म्हणाले, मलाही ठाऊक नाही. चाळीस वर्षं भांडी घासताना पुढचं मीच गुणगुणतो. इतकं जुनं झालं की खरंच वाटायला लागलं. त्या बाई रडल्याचं वाचून झोप उडाली. तो कागद फाडून टाक.

रागावलीस तरी पत्र लिही.
तोकुजी

ओतारू, १८ मार्च

चि. चिकागेस अनेक आशीर्वाद.

मैफलीहून सुखरूप घरी पोचलो. माहितीपत्रकात ‘दारानंतरचा भाग: तोकुजी हानेदा’ वाचून मी मान खाली घातली. शेजारी संगीतकारांची लेक. तू सगळं सांगितलं होतंस म्हणे. त्यांनी एवढंच विचारलं की, ठाऊक नाही म्हणताना बाबा हसले होते का. हसले होते. तसं सांगितलं.

आता तुझ्याकडे वळतो. माझी धून शेवटी जिना उतरून घरी यायची. तू शेवटचा स्वर बदललास, तो वरच राहिला. ऐकताना रागच आला. परतीच्या गाडीत तुझा शेवट गुणगुणत बसलो, तर पुढे आणखी काहीतरी येऊ बघत होतं. ते काय, ते तुला माहीत आहे का? असेल तर सांगू नकोस. मी शोधतोय.

माया आहेच, ती राहू दे.
तोकुजी