वंदनाचं टपाल, द्वारा आबा

६ नोव्हेंबर, गुरुवार
परवाच्या नोंदीत चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. 'कमलमावशींच्या सुनेचं पाकीट चुकून आपल्याकडे आलं' असं लिहिलं होतं. आज पाकीट नीट पाहिलं. सासरचं नाव त्यावर कुठेच नाही. वंदनाचं माहेरचं नाव, वडिलांचं, आडनाव तिकडचंच. खाली 'द्वारा' आणि आमच्या आजोबांचं, आबांचं, नाव, आमची गल्ली, सेलू. म्हणजे चुकून आलेलं नाही. तिनेच इथे मागवलं आहे.
डाव्या कोपऱ्यात नांदेडच्या एका नर्सिंग शाळेचा शिक्का.
आबा जाऊन दोन वर्षं झाली. तरी अर्ध्या गल्लीचं टपाल अजून आमच्याच ओट्यावर पडतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
आठवलं. पावसाळ्यात एकदा वंदना दळण घेऊन जाताना थांबली होती. "ताई, आबांच्या नावानं अजून टपाल येतं का हो?" मी म्हणाले, येतं. "बरंय," म्हणाली आणि गेली. मला काहीच वाटलं नाही तेव्हा.
दिवाळीला माहेरी गेली, पालमच्या पुढे, ती परत आलेली नाही. जाण्याआधीचं भांडण सगळ्या गल्लीने ऐकलं. तिला शिकायचं आहे, सासूला सून घरात हवी. फोन सासूने ठेवून घेतला.
आत तारीख असेल. प्रवेशाची, मुलाखतीची, कसलीतरी. तारीख निघून गेली असेल तर? उद्याच असेल तर?

८ नोव्हेंबर, शनिवार
शाळेत शिकवून आले तर कमलमावशी ओट्यावर बसलेल्या. पोस्टमनकाका बोलता बोलता बोलून गेले असणार.
"काय गं, आमच्या वंदीचं टपाल आलंय म्हणं तुमच्याकडं?"
"तुमच्या नावाचं काही आलेलं नाही, मावशी."
शब्द खरे, उत्तर खोटं.  

१० नोव्हेंबर, सोमवार
सकाळी जाऊन सांगून आले. आलंय, माझ्याकडे आहे, तिच्याच हातात देईन.
मावशी भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही. "लय शिकलीस गं बाई. तुजा आबा तर समद्या गल्लीची पत्रं फोडून वाचायचा हितं ओट्यावर बसून. तवा न्हाई पाप लागलं?"
 उत्तर घरी येताना सुचलं, नेहमीसारखं. आबा वाचायचे ते ज्याचं पत्र त्याला समोर बसवून. तो आला नाही तर पत्र तारेच्या आकड्याला तसंच, बंद. मोंढ्यात हमाली करणारा माणूस, पण गल्लीत त्यांना गुरुजी म्हणत ते यासाठी. शाळेत जायच्या आधी मला अक्षरं पाकिटांवरूनच शिकवली. नाव वाच. गाव वाच. तालुका, जिल्हा. आता पळ, देऊन ये. कुणाच्या हातात? नावाच्या हातात.
आकडा अजून आहे. व.चं पाकीट त्याला लावलं नाही, भोक पडेल. आबांच्या पेटीत ठेवलंय.

११ नोव्हेंबर, मंगळवार
आई जिनिंगवरून आली, केसांत कापूस तसाच. तिच्या कानावर गेलंय.
"आपलं काय जातंय? तिच्या घरचं तिच्या घरी दे अन् मोकळी हो."
"तिचं घर कुठलं पण?"
"मला शाळा शिकवू नकोस. दमून आलेय."
नळ मावशींच्या दारात आहे. आज आमची घागर सगळ्यात शेवटी लागली आणि पाणी गेलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
पोस्टमनकाकांना थांबवलं. ते म्हणाले, "वापस द्या. इथं राहत नाही असं लिहितो, जाईल जिथून आलं तिकडं. कशाला ताप डोक्याला?" मी हात पुढे केला होता. मग वाटलं, नांदेडला कळेल की अशी कुणी मुलगीच नाही. हात मागे घेतला. ते हसले. "गुरुजींचीच नात."
दुपारी पाकीट उजेडाला धरून पाहावंसं वाटलं. धरलं नाही. खरं लिहायचं तर धरलं. काही दिसलं नाही. लगेच ठेवून दिलं. तरी दिवसभर काहीतरी चोरल्यासारखं.

१५ नोव्हेंबर, शनिवार
शाळेच्या फाटकाशी दिगूदादा उभा. व.चा नवरा. मोटारसायकल बंद न करताच बोलत होता.
"ताई, द्या ना ते. माय दोन दिस झाले नीट जेवंना."
"नाही देता येणार, दादा."
"बरं, आत काय हाय तेवढं तरी सांगा."
"मला माहीत नाही. उघडलेलं नाही."
"तुमी उघडलंच न्हाई?" हे त्याने दोनदा विचारलं. त्याचा विश्वासच बसेना. मग गाडी बंद केली. "तिकडं जानार असलात तर तिला सांगा..." थांबला. पुन्हा किक मारली आणि गेला. काय सांगू ते राहिलंच.
तो ओरडला असता तर सोपं गेलं असतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
थकवा. वर्गात फळ्यावर आठवड्याचे वार लिहिताना गुरुवारच गाळला, मुलं हसली. हेडबाईंकडे एक दिवसाची रजा मागितली. चाचणी परीक्षा आहे, नाही म्हणाल्या. कारण विचारलं. 'एकीचं टपाल द्यायचं आहे' हे काही तोंडातून येईना.
संध्याकाळी आईने चहाच्या कपाखाली कागदाचा तुकडा सरकवला. फोन नंबर.
"पालमकडची एक बाई कामाला आलीय यंदा. वंदीच्या घराला लागून घर हाय तिचं. घरच्या फोनचा नंबर दिला तिनं. मी काही केलं न्हाई, समजलं?"
"आई..."
"समजलं का न्हाई?"
समजलं म्हटलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार
काल लावला, उचलला नाही. आज लागला. शेजारच्या बाईंच्या लेकीने व.ला हाक मारून आणलं. मागे शेळ्या ओरडत होत्या.
सांगितलं. 
"ताई, तुम्हाला न विचारता दिला हो पत्ता. दुसरा कुठला देऊ, सुचलं नाही."
मी म्हणाले ते राहू दे. आत तारीख असू शकते. तू सांगितलंस तर आत्ता उघडते, वाचून दाखवते. तू ऐकतेस म्हणजे समोरच आहेस. (आबांना चाललं असतं का? चाललं असतं.)
"नको."
"अगं, तारीख निघून जाईल."
"तरी नको, ताई. शाळेत होते तवा माझं टपाल दादा फोडायचे. लग्नानंतर हे. माझ्या नावाचं पाकीट मी अजून एकदाबी उघडलेलं नाही."
मग म्हणाली, रविवारी दादा, तिचे वडील, रानात असतात, ती पालमच्या स्टँडवर येईल.
दिगूदादाबद्दल सांगितलं, की तो काहीतरी सांगणार होता. "काय?" म्हणाली. माहीत नाही म्हटलं. "बरं," म्हणाली. 'बरंय' म्हणाली होती तसंच, की वेगळं, कळलं नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
नळावर मावशींनी न बघता विचारलं, "जानार हायस म्हणं." हो म्हटलं. त्यांनी स्वतःची घागर बाजूला ओढली, माझी लावली. राग गेला की नुसता थकला, समजत नाही. घरी जाताना म्हणाल्या, "तिला म्हणावं, तिचं स्वेटर हितंच राहिलंय." स्वेटर मात्र दिलं नाही.
तिच्या दादांच्या हाती पडलं तर? गाडी चुकली तर? तारीख गेलेली निघाली तर मी पंधरा दिवस कशाची राखण केली?
पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पर्समध्ये, वर रुमाल. परवा सकाळची पहिली परभणी गाडी, तिथून गंगाखेड, मग पालम. रविवार, २३ नोव्हेंबर.