पळताना बोलता आलं पाह्यजे

आदरणीय बापूराव भाऊ, धाकट्या बहिणीचा, सत्यशीलेचा, जयभीम. गुडघे कसे आहेत ते कळवू नको, वहिनीनं फोनवर अर्धा तास तेच सांगितलं. इथी सगळे बरे आहेत. धान निसवून राह्यला, लोंबी भरेपर्यंत बांधीत काम नाई, म्हणून लिहायले हात रिकामे सापडले.

चिमूरच्या लग्नात तू पंधरा माणसांसमोर म्हणाला, चौथी शिकलेली बाई पोरीची कोच झाली. त्याचं उत्तर आता घे. तुझी भाची संघप्रिया गडचिरोलीले पाच हजार मीटरच्या शर्यतीत पहिली आली. दुसरी पोरगी ऐंशी पावलं मागं होती (मी मोजली नाई, पण कमी सांगत नाई).

मधात मीच तिचं वाटोळं करत होती, तेबी मीच सांगते, नाई तर दुसरं कोणी मीठ लावून सांगल. तिच्या कॉलेजातले गोपाल सर शिकवतात. धानाचे रोवणे सरले तेव्हा ते म्हणाले, हप्त्यात दोन दिवस जोरात पळायचं, बाकी दिवस हळू, अन् पोरगी बरोबर पळते का ते आईनं पाहावं. मी सायकल घेऊन मागं निघाली. पाहते तं शेजारच्या दीपालीसंग पळता पळता हिच्या गप्पा. तुले माहीत आहे, मी वीस वरसं रोवण्याच्या टोळीची मुकादम आहे. माझ्या बांधीत जिचं तोंड चालते तिची ओळ मागं राहते. मी दोघींची तोंडं बंद केली. रोज जोरात, रोज गुपचूप. चौथ्या दिवशी दीपालीनं यायचंच सोडलं (हुशार पोरगी).

तीन हप्त्यांत संघप्रिया सुकली. जेवण जाईना, झोप येईना. सकाळी उठायच्या आधी नाडी बावन्न राहे, ते सहासष्टवर गेली. मी म्हणलं, नाटक. मंग सरांनी चाचणी घेतली तं शेवटून दुसरी आली, अन् शेवटच्या पोरीचा पाय मुरगळला होता.

सरांनी मले भर मैदानात झापलं (आजवर घरच्याचीबी हिंमत झाली नाई). म्हणाले, बाई, हळू दिवशी तिले पुरं वाक्य बोलता आलं पाह्यजे. वाक्य तुटलं की वेग जास्त झाला. अशा हळू पळण्यानंच काळीज एका ठोक्यात जास्त रक्त फेकायले शिकते, अन् ताकद येते ते आराम केल्यावर. त्यांनी कागदावर खालीवर रेघ काढली. रेघ मले कळली नाई, रोवणा कळला. धानाचे कवळे पऱ्हे उपटून रोवले की आठ दिवस माना टाकतात, मंग मूळ धरून पहिलेपेक्षा हिरवे होतात. रोज उपटून पाह्यले तं मरतात. मी तेच करून राह्यली होती. सर म्हणाले, हे मी आता वर्गात सांगीन (माझं नाव घेऊन सांगतात का, ते पाहावं लागल).

तवापासून मी उलटी मुकादम झाली. सायकल बाजूनं घ्यायची अन् पोरीले बोलत ठेवायचं. कोणाची म्हैस व्याली, कोणाची सून माहेरी गेली, सगळे विषय आठ दिवसांत सरले. एका इतवारी लांब दौडीत सातव्या किलोमीटरले मी विचारलं, मामानं आणलेलं स्थळ कसं वाटते. ते नवव्यापर्यंत बोलली. नको म्हणाली, काऊन नको तेबी म्हणाली. एक वाक्य तुटलं नाई. हीच पोरगी घरात एकोणीस वरसं फक्त ‘हो आई’ म्हणे. तिथी चढ होता, दम मले लागला होता, म्हणून पहिल्यांदा मी मधात बोलू शकली नाई.

गडचिरोलीले बाकीच्या पोरी कुत्रं मागं लागल्यासारख्या सुटल्या. ही मागं, आपल्या चालीनं. दहाव्या चकरीले त्यांची वाक्यं तुटली, अन् माझी पोरगी तवा निघाली. मी ओरडली नाई. बोटावर चकऱ्या मोजत राह्यली.

वहिनीले जयभीम. गुडघ्यांसाठी रोज हळू चालत जा, अन् गुडघ्यांचं सोडून दुसरं काही बोलत जा.

तुझी बहीण,
सत्यशीला

ता.क. : येत्या इतवारी तू स्थळवाल्यांना पोरगी पाहायले आणून राह्यला, ते रद्द कर. इतवार लांब दौडीचा आहे. पोरगी आजारी आहे असं खोटं सांगू नको, पेपरात फोटो आला आहे.

आणखी एक : पोराले यायचंच असल तं बूट घालून यावं अन् तिच्या बाजूनं पळावं. तिचं ‘नको’ सातव्या किलोमीटरले सुरू होते. नवव्यापर्यंत पुरं ऐकून घेतलं तं चहा मी पाजीन.