कोल्यामायोतली सर्वांत कष्टाळू चूल

आदरणीय आणि (एवढ्या अंतरावरून तरी) निरुपद्रवी लेओनार्दा आत्या,

फिदेन्सिओचा वाकून नमस्कार. तुझी छाती आता कशी आहे? जिना चढताना धाप लागते का? लिमाची दमट हवा तुला मानवत नाही असं तुझी लेक फोनवर सांगत होती, आणि तू मागून "त्याला म्हणावं, आधी माझ्या कुईंचं बघ!" असं ओरडलीस, तेही ऐकू आलं. ओरडलीस म्हणजे बरी आहेस, असं मी धरून चाललोय. डॉक्टर मात्र हटून बसलेत म्हणे, की स्वयंपाकघरात धूर नाही असा दाखला आणल्याशिवाय हिला डोंगरात परत सोडणार नाही. ते ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाही. बाकी इकडे सगळं ठीक. तुझ्या तेवीसही कुई गवत खाऊन गुबगुबीत झाल्यात, दिवसभर चुलीभोवती किचकिच करतात, आणि तुझी जुनी तीन दगडांची चूल जशीच्या तशी आहे.

पत्राचं मुख्य कारण म्हणजे तुझे आभार. कशाचे, ते जरा लांबून सांगावं लागेल. तुला आठवतच असेल, गावात धुराडंवाल्या नव्या चुली आल्या आणि त्यांची नोंद ठेवायचं काम मला मिळालं. नव्या चुलीला लाकूड कमी लागतं, धूर कमी निघतो, आणि हा न निघालेला धूर टनावारी मोजून एक दूरचा बर्फाळ देश आपल्या देशाकडून विकत घेतो. (शेजारची इलारिया हे ऐकून म्हणाली, "न निघालेला धूर खपतो? मग माझी न झालेली लग्नंही घाल त्यांच्या गळ्यात, तीन आहेत.") तर प्रत्येक नव्या चुलीला ऊब नोंदवणारी एक डबी लावलेली असते. चूल साठ दिवस थंड राहिली, की ती उचलून दुसऱ्या घरी द्यायची, असा नियम. आता तू लिमाला. स्वयंपाक कोण करणार? तू परत येशील आणि चूल जागेवर नसेल, हे मला होऊ द्यायचं नव्हतं. म्हणून मी तुझ्या नव्या चुलीची डबी काढली नि जुन्या चुलीशेजारी खुंटीला अडकवली. जुनी चूल तर तुझ्याच हुकमाने पेटती होती, कुईंना थंडी वाजू नये म्हणून. म्हटलं, ऊब ती ऊब, डबीला काय कळतंय!

डबीला कळलं नाही, पण लिमातल्या मंत्रालयाला कळलं. आत्या, तुझं रिकामं घर सबंध प्रांतात पहिलं आलं! दिवसाचे अठरा तास स्वयंपाक. रविवारी पाद्रीबाबांचं प्रवचन चालू असतानाही स्वयंपाक. ही कोण अन्नपूर्णा, हे बघायला थेट दोन तज्ज्ञ आले. आपल्याकडून मंत्रालयातल्या इंजिनियर सोराइदाबाई आणि विकत घेणाऱ्यांकडून आन्सेल्म नावाचे गृहस्थ, एवढे उंच की तुझ्या दाराची चौकट त्यांच्या कपाळावर उमटली. हे दोघं वर्षभर एकाच करारावर काम करतायत आणि वर्षभर भांडतायत. विकलेला टन आपण आपल्या वहीतून कधी खोडायचा, विकल्यावर की त्यांनी वापरल्यावर, हा वाद. खोडायचा, याबद्दल दोघांचंही दुमत नाही. एकच मेंढी दोन बाजारांत विकता येत नाही, हे आपल्यालाही कळतं. पण 'कधी' या एका शब्दावरून दोघं गाडीत चार तास एकमेकांशी बोलले नव्हते.

सोराइदाबाईंनी कौतुकाने विचारलं, एवढा स्वयंपाक करणाऱ्या बाई कुठे आहेत? मी म्हटलं, लिमाला. कधीपासून? दोन महिने झाले. मग घरात कोण असतं? मी कुईंकडे बघितलं. बाईंनी कुईंकडे बघितलं, मग जुन्या चुलीकडे, मग खुंटीवरच्या डबीकडे. त्यानंतर त्या मला जे बोलल्या ते तुझ्या तोंडी शोभलं असतं. आन्सेल्मसाहेब मात्र गुडघ्यावर बसून हरखले होते, "अहो, हे तर गिनिपिग! माझ्या मुलीकडे एक आहे, आम्ही त्याचा वाढदिवस करतो." इलारिया दारातूनच म्हणाली, "आम्हीही वाढदिवसालाच भाजतो, बटाट्यांबरोबर."

तेवढ्यात बाईंनी तिला विचारलं, तुमच्याकडेही जुनी चूल पेटते का? मी मागून हात जोडत होतो, डोळे मिचकावत होतो. पण इलारियाच ती. "पेटणारच की! नवी चूल धूर बाहेर टाकते आणि ऊबही बाहेर टाकते. पोरं गारठून मरतात कुईंची. तुम्ही येता, माणसं किती नि बटाटे किती ते लिहून नेता. कुईंचं कुणी विचारलं का कधी?"

कुणीच विचारलं नव्हतं, आत्या. मीही नाही, आणि मी इथेच जन्मलोय. संध्याकाळपर्यंत आम्ही चौऱ्याऐंशी घरं पालथी घातली. एकाहत्तर घरांत कुईंसाठी वेगळा विस्तव होता. गावाचा न निघालेला धूर निम्म्यावर आला. मला वाटलं, संपलं! माझी नोकरी गेली, गावाच्या चुली गेल्या, तुझा दाखला गेला. पण ती दोघं तुझ्या जमिनीवर मांडी घालून बसली, इलारियाचे उकडलेले बटाटे आणि चीज खाल्लं, आणि वर्षभर न झालेलं एकमत तासाभरात केलं. आकडा निम्मा लिहायचा, आणि प्रत्येक घरी धुराड्याच्या भिंतीला लागून मातीचं खुराडं बांधून द्यायचं, म्हणजे कुई भिंतीच्या उबेवर राहतील. खुराड्याचं चित्र त्यांनी कराराच्याच पाठीमागे काढलं. मला तिथेच रडू आलं, लाज सोडून सांगतो. मलाही त्यांनी ठेवून घेतलं. बाई म्हणाल्या, "लबाडी कशी करतात ते याला पक्कं ठाऊक आहे, तपासणीला हाच बरा." हे सगळं तू कुईंना एवढा जीव लावलास म्हणून झालं. तुझे उपकार फेडणं मला जमायचं नाही.

तुझा,
फिदेन्सिओ

ता. क. दाखल्याचं राहिलंच. आन्सेल्मसाहेबांनी तुझ्या स्वयंपाकघरातली हवा मोजली. आकडा फार वाईट आला. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, जरा कमी लिहा, म्हातारी घरी येईल. ते आपल्या मोडक्यातोडक्या बोलीत हळूच म्हणाले, "मी कमी लिहिलं तर तिच्या छातीत कमी जाईल का?" मी त्यांना खरा आकडा लिहू दिला. तेव्हा मागणं एवढंच, की जुनी चूल काढायला सोबतच्या कागदावर तुझी सही हवी. तुझ्या सासूबाईंनी स्वतः मांडलेली चूल आहे, ठाऊक आहे मला. तरी मागतोय.

आणखी ता. क. कागदाची घाई करू नकोस. चूल मी मंगळवारीच फोडली. वर 'जशीच्या तशी' लिहिलं ते खोटं, कारण खरं आधीच लिहिलं असतं तर तू पत्र पुढे वाचलंच नसतंस. गावातलं पहिलं खुराडं तुझ्याकडेच बांधलं, कुई त्यात मजेत आहेत. दोघं परत जायच्या आधी हवा पुन्हा मोजून घेतली, आकडा खरा आणि चांगला आला. त्या दाखल्यावर दोघांच्याही सह्या आहेत, पहिल्यांदाच न भांडता केलेल्या. तो डॉक्टरांना दाखव आणि मिळेल त्या गाडीने निघ. मी दारात उभा राहतो. काय मारायचं ते मार, पण घरी ये.