चिंचेनं घासलेली जिवती

नरपड,
९ ऑगस्ट २०१८

चि. रियास, आत्याचे अनेक आशीर्वाद.

जतीनराव चिकू न्यायला आले आहेत. करंडीच्या तळाशी डबीत आपली जिवती पाठवते आहे. माझ्या आजोबांना ओहोटीत सापडलेलं तेच काशाचं नाणं. एका बाजूला अंबाडा घातलेली बाई, दुसऱ्या बाजूला कडेवर मूल, पायांशी दोन. कडेची इंग्रजी अक्षरं पाहून तू विचारायचीस, तेव्हा मी सांगायचे की ही देवी माझ्यासारखीच कॉन्व्हेंटात शिकली.

तिसऱ्यांदाही पोटातलं राहिलं नाही, म्हणून जेवण टाकू नकोस. श्रावणातल्या शुक्रवारी हिला चिंचेनं घासून हळदकुंकू वाहा.

तुझी आठवण काढणारी,
हिरकणीआत्या

तलासरी,
२० ऑगस्ट २०१८

ती. आत्यास, रियाचा शि. सा. नमस्कार.

रागावू नकोस. जतीन डबी घेऊन मुंबईला जुन्या नाण्यांच्या एका जाणकारांकडे गेला होता. ही देवी नव्हे, अठराशे वर्षांपूर्वीची रोमची राणी आहे, फाउस्टिना. मागची बाई म्हणजे भरल्या कुशीची खूण. राणीला डझनभर मुलं झाली, त्यातली निम्मी लहानपणीच गेली. आणि त्यांनी विचारलं, हिला इतकं घासलं कुणी? कडेवरचं मूल पार सपाट झालं आहे.

खरं विचारायचंय ते वेगळंच. आम्ही एक मुलगी दत्तक घ्यावी म्हणतो. सासूबाई म्हणतात, परक्याचं पोर जिवतीपुढे कसं ओवाळायचं? तू नको म्हणालीस तर अर्ज करणार नाही.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
रिया

नरपड,
२५ ऑगस्ट २०१८

चि. रियास, अनेक आशीर्वाद.

जाणकारांना कळव, घासलं मी. लग्नानंतर अकरा श्रावण, अंगठा दुखेपर्यंत. मग तुझी आई गेली आणि तू नऊ महिन्यांची माझ्या मांडीवर आलीस. त्या शुक्रवारी पुरणाचे दिवे करून तुला ओवाळलं. कुणाचं लेकरू, असं जिवतीनं विचारलं नाही. तेव्हापासून माझा हात हलका झाला.

देवी नाही हे वाचलं. मग वाटलं, एवढी मुलं गमावलेली बाई आपल्या देव्हाऱ्यात परकी कशी? सासूबाईंना माझा नमस्कार सांग, आणि हे पत्र वाचून दाखव. तू अर्ज कर. जिवतीला आता चिंच लावू नकोस, मऊ फडक्यानं पूस.

परगावच्या लेकरासाठी टाकायच्या अक्षता मी दर वर्षी तलासरीकडे तोंड करून टाकायचे. काल चारी दिशांना टाकल्या. पोर कुठे आहे, अजून ठाऊक नाही ना.

माझा लोभ आता दोघींनी वाटून घ्यावा.

तुझी,
हिरकणीआत्या