पौडला पाहिलेला भुताचा सिनेमा

आबा, कासार आंबोलीच्या एका बंगल्यात खोलीभर शांतता बसवायला मला एकोणीस दिवस लागले. दोन सुतार, एक गवंडी, भिंतींच्या पोटात भरायला लोकरीसारख्या लाद्यांचे गठ्ठे, एकामागे एक असे दोन दरवाजे. आणि शेवटी शेजाऱ्यानं संध्याकाळी सिनेमाच्या वेळेला बोअरची मोटर बंद ठेवावी म्हणून त्याच्या ओसरीवर बसून चार वेळा प्यायलेला चहा. चौथा बिनसाखरेचा होता, तोवर त्याची बायको माझ्या तोंडाला कंटाळली होती. मालकाला वाटतं त्यानं स्पीकर घेतले. स्पीकर कुणीही देतं. मी त्याला दिली ती शांतता. तुमच्या वेळी ती आपल्या बांधावर नुसती पडून असायची, कुणी तिची किंमत केली नाही. मीही केली नाही, आणि त्याबद्दलच लिहायचं आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी लग्नाच्या मांडवात कर्णे बांधत होतो. त्याआधी पौडला रेडिओच्या दुकानात तारांना कथलाचा डाग द्यायला शिकलो ते तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही. हिंजवडीत आता आपल्या डोंगराच्या खांद्याला लागतील असे टॉवर झालेत, आणि तिथली माणसं दिवसभर कंपनीत बसून, गाडीत अडकून, घरी येऊन एका अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघतात. ती खोली मी करून देतो. समोर तीन स्पीकर, कडेला दोन, मागे दोन, छतात चार. कुणाच्या ओळखीवर नाही, कुणाचा हात धरून नाही, कानावर उभा केलेला धंदा आहे हा. रिकाम्या खोलीत शिरून एक टाळी वाजवली की कुठल्या कोपऱ्यात आवाज लोळतोय ते मला कळतं. पोरं यंत्र लावून मोजतात, मग माझ्याकडे बघून मान हलवतात.

खोलीचं बोलणं सुरू झालं की प्रत्येक जण एकच विचारतो. "काका, पहिला कुठला लावू? असा सांगा की घाबरलं पाहिजे." गाणी नाहीत, मारामारी नाही, सगळ्यांना भूत हवं असतं. एक जण म्हणाला, "बजेटचं टेन्शन घेऊ नका, पण खालच्या मजल्यावरचा सेक्रेटरी पण दचकला पाहिजे." त्याची बायको दारातून म्हणाली, "त्याला दचकवायला मेंटेनन्स वेळेवर भर, तेवढं पुरेल." तर मी सांगतो. एक दक्षिणेकडचा सांगतो, नारळाच्या बागेतला. म्हातारा राखणदार पडवीत बसून पडणारे नारळ ऐकून मोजतो, सहा पडले की सहा उचलून आणतो. एक दिवस सहा ऐकतो आणि पाचच सापडतात. पुढं दोन तास दुसरं काही होत नाही, पण सहावा काय पडला असेल ह्या विचारानं माणूस खुर्चीचे हात सोडत नाही. एक परदेशी सांगतो, बर्फातल्या घराचा. सिनेमाभर मोरीत नळ ठिबकत असतो, इतका की आपण तो विसरून जातो. मग तो थांबतो. नळ कुणी बंद केला, एवढाच प्रश्न. एक हिंदी आहे, ट्रक ड्रायव्हरचा. बाकी टाकाऊ आहे, पण त्यातली पहिली वीस मिनिटं घ्या आणि उठा.

आणि मग मी त्यांना समजावतो, कारण मला बोलायला आवडतं हे तुम्हाला माहीत आहे. भूत दिसलं की भीती संपली, पुढं नुसती रंगरंगोटी. किंकाळीनं माणूस दचकतो, घाबरत नाही. दचकणं अंगाचं असतं. घाबरवायचं असेल तर ओळखीचा आवाज लागतो. आपल्या घरातला, रोजचा, पण जागा चुकलेला. आणि त्याच्यानंतर मोकळी सोडलेली शांतता. त्या शांततेत माणूस आपल्या आतलं काहीतरी नेऊन ठेवतो. दिग्दर्शकाला तिथं काही करावं लागत नाही.

हे पटावं म्हणून मी एक गोष्ट सांगतो. गेली कितीतरी वर्षं सांगतोय, आता ती मला तोंडपाठ झाली आहे. म्हणतो, आमच्या मुळशीत भर दुपारी आणि दिवेलागणीला कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. पहिली हाक सोडायची, दुसरी सोडायची. तिसरी आली तर माणूस. जे माणूस नाही ते तिसरी मारत नाही. म्हणतो, मी दहावीत असताना टळटळीत दुपारी बांधावरून चाललो होतो, मागून दोन हाका आल्या, माझ्या नावानं. मी वळलो नाही. तिसरी आलीच नाही. इथं थांबतो मी. समोरच्याचा हात आपोआप मानेवर जातो. मग म्हणतो, तसाच पौडला गेलो आणि व्हिडिओवर आयुष्यातला पहिला भुताचा सिनेमा पाहिला. सगळी खोली ओरडत होती, मोठी माणसं डोळ्यांवर टॉवेल ओढत होती, मी पापणी हलवली नाही. खरी हाक ऐकून आलेला माणूस खोट्याला काय भिणार! ह्या वाक्यावर छतातले चार स्पीकर हमखास खपतात.

गेल्या आठवड्यात हिंजवडीतल्या एका घरी ही गोष्ट सांगितली. त्या घरची मुलगी कॉलेजात शिकते, भुताच्या सिनेमांची वही ठेवते. कुठला पाहिला, कुठं भीती वाटली, का वाटली. माझ्यासारखीच आहे, फक्त खरी. तिनं विचारलं, "काका, पौडचा तो सिनेमा कुठला? गोष्ट सांगा ना." मी सांगितली. विहिरीवरची बाई, रिकामी बादली, रहाटाचा आवाज. ती लिहून घेत होती. दुसऱ्या दिवशी फोन. "काका, नाही सापडत. नट कोण होता?" तिसऱ्या दिवशी पुन्हा. "काका, मी त्या वेळचे सगळे शोधले. अशी गोष्टच नाहीये कुठे. तुम्ही नक्की पाहिलाय ना?" तिचा आवाज भांडणाचा नव्हता, काळजीचा होता. मी म्हणालो, "जुनं झालं बाळ, आठवून सांगतो." फोन ठेवला आणि गाडीत बसून राहिलो. मला दमायला झालंय, आबा. स्पीकर चढवून नाही. ती दुपार इतकी वर्षं दुकानात मांडून दमलोय. आता पोरगी पुन्हा फोन करणार, आणि तिला काही सांगण्याआधी तुम्हाला सांगायला हवं.

हाकेचा नियम तुम्हीच शिकवला होता. मी सात-आठ वर्षांचा असेन, ओढ्याकडून कुणीतरी हाक मारली आणि मी "ओ" म्हणून पळालो तर तुम्ही दंडाला धरून मागं ओढलंत. "पैल्या हाकंला ओ द्याची न्हाई. दुसरीला बी न्हाई. तिसरी आली तर माणूस हाय समज, मग जा." आणि कानाची पाळी पिरगाळून, "कान हायेत तर वापर की जरा." त्या कानांनी पुढं मला जेवू घातलं.

त्या दुपारी तुम्ही राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडायला झाडावर चढला होता, भाताच्या रोपांची जमीन भाजायला. मी वरच्या बांधावरून फाट्याकडे निघालो होतो. खिशात तिकिटापुरते पैसे होते, डोक्यात सिनेमा होता, आणि तुम्हाला सांगितलेलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर फांद्या ओढायला थांबावं लागलं असतं. आता मला ती दुपार डोळ्यांनी दिसत नाही, कानांनी दिसते. कोयता चालतोय. खट, खट. मग कोयता थांबतो. फांदी मोडल्याचा आवाज, आणि त्याच्यामागून एक जड, बसका आवाज, भाताचं पोतं खाली टाकावं तसा. मग हाक. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरी हाक, पहिलीपेक्षा बारीक, तिच्यात श्वास जास्त. आणि त्याच वेळी खालच्या वळणावर एसटीनं गिअर बदललेला. एसटी फाट्यावर यायला किती वेळ लागेल ते मला त्या आवाजावरून समजलं, आणि मी पळालो. एसटीकडे.

तुम्ही ऐनाखाली दुपारभर पडून होता. गवताला आलेल्या वाडीवरच्या कातकरी बाईनं तुम्हाला पाहिलं, माणसं गोळा केली, घोंगडीच्या झोळीतून घरी आणलं. मी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती आणि हाडवैद्य हात पुसत होता. "लौकर कळलं आस्तं तर बरं झालं आस्तं," तो म्हणाला. "गुडघा सुजून दगड झालाय. बसंल कसा ते आता द्येवाच्या हाती." गुडघा बसला नाही. पुढची अकरा वर्षं तुम्ही मांडी घातली नाही, कुठल्या पंगतीला बसला नाहीत, लावणीला चिखलात उतरला नाहीत. बांधावर पाय लांब करून बसायचात आणि दुसऱ्यांची लावणी बघायचात.

त्या संध्याकाळी ओटा माणसांनी भरला होता. चुलत्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "पोरगं तर वरच्या बांधानंच ग्येलं म्हनं. त्याला ऐकू न्हाई आलं व्हय?" मी तोंड उघडलं आणि जे आलं ते बोललो. म्हणालो, "दोनच हाका आल्या. मी तिसरीची वाट बघितली." खाटेवरून तुम्ही बोललात. "दोनच मारल्या मी. तिसरीला दम न्हाई पुरला. त्याला काय बोलताय? मीच शिकीवलंय." झालं. लोक उलट मला शहाणा म्हणाले, पोरगं नेमाचं आहे म्हणाले. चुलता जाताना पाठीवर थाप मारून गेला. इतकी वर्षं गिऱ्हाइकांना जी गोष्ट सांगतोय ती तिथं तयार झाली. तुम्हीच ती मला दिलीत, खाटेवर पडून, गुडघ्याला पाला बांधलेला असताना.

आबा, मी तिसरीची वाट बघितली नव्हती. तुमचा आवाज पहिल्याच हाकेला ओळखला होता. ज्याला एसटीचा गिअर कळतो त्याला बाप कळणार नाही? तेव्हा तर भर दुपारी हाक मारणारं भूत आठवलंही नव्हतं, नियम आठवलाही नव्हता. तो घरी आल्यावर ओट्यावर आठवला.

मी पौडला कशाला गेलो होतो ते एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. आणि मग दुसऱ्या दिवशी दुपारी, घरात आपण दोघंच असताना, तुम्ही विचारलंत, "कसा हुता रं शिनुमा?" रागानं नाही. पडून पडून कंटाळलेला माणूस विचारतो तसं. मी सांगायला सुरुवात केली. बाई, विहीर, बादली. तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. "मग?" म्हणत होता. त्या खाटेशी मी शिकलो की बाई दाखवायची नाही, आधी रहाट वाजवायचा. रहाट वाजवायचा आणि गप्प बसायचं. मी गप्प बसलो की तुमच्या पायाचं बोट हलायचं, चांगल्या पायाचं. पुढचे कितीतरी दिवस दुपारी तुम्ही तोच सिनेमा पुन्हा मागायचात, आणि तो रोज थोडा लांबायचा. एकदा म्हणालात, "काल तर ती बाई हिरीत पडल्याली हुती. आज चुलीपाशी कशी?" मी गडबडलो. तुम्ही म्हणालात, "आसू दे, आसू दे. चुलीपाशीच बरी हाय. पुढं सांग." आज मी लोकांना जे काही शिकवतो, ओळखीचा आवाज, चुकलेली जागा, मोकळी शांतता, ते सगळं तेवढ्याच दुपारींचं आहे. त्यानंतर शेकडो सिनेमे पाहिले, नवं काही शिकलो नाही.

हे कागद मी पोस्टात टाकणार नाही. बायकोला दाखवणार नाही, तिनं तुम्हाला पाय लांब करून बसलेलंच पाहिलं, तिला वाटतं तुमची ती सवय होती. त्या मुलीला उद्या फोन करायचा आहे. तिच्या वहीतली ती ओळ खोडायला सांगायची आहे, आणि का खोडायची ते सांगताना माझा आवाज कसा लागेल ते मला आत्ताच ऐकू येतंय. पण आधी तुम्हाला.

त्या दुपारी पौडला वीज नव्हती. व्हिडिओवाला "आत्ता येईल, आत्ता येईल" म्हणत राहिला आणि आम्ही वीस-पंचवीस जण बंद टीव्हीसमोर बसून राहिलो, मग पैसे परत घेऊन उठलो. आपल्याकडेही नव्हती. आई गिरणीतून नाचणी न दळताच परत आली होती, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही सिनेमा कसा होता विचारलंत तेव्हाही तो भरलेला डबा तुमच्या खाटेच्या पायाशीच ठेवलेला होता. मी तो सिनेमा पाहिलेलाच नाही.